फोटो क्रमांक चार

काल किती भात खाल्ला, या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे कुणी ग्रॅममध्ये देत नाही. ‘नेहमीसारखाच’, ‘पोटापुरता’, ‘नावाला घेतला होता’, ‘दोन घास’, ‘काल जरा जास्तच झाला’ अशी उत्तरे मी वीस वर्षे ऐकत आले आहे आणि त्या प्रत्येक उत्तरापुढच्या रकान्यात एक आकडा भरत आले आहे. आहार सर्वेक्षणातली माझी नोकरी म्हणजे खरे तर भाषांतराचीच नोकरी. ‘नावाला’ म्हणजे किती ग्रॅम, हे ज्याला ठरवावे लागते त्याला त्या शब्दाची लवचिकता फार लवकर कळते, कारण एकाच घरात सासऱ्यांचा ‘नावाला’ घेतलेला भात सुनेच्या ‘पोटभर’ भाताहून जास्त असू शकतो.

आम्ही जी पद्धत वापरतो तिला चोवीस तासांची उजळणी म्हणतात. काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तोंडात काय काय गेले ते क्रमाने विचारायचे, मग विसरलेल्या गोष्टी आठवून द्यायच्या, जसे की शेजारणीकडे घेतलेला अर्धा कप चहा, खुरपताना चघळलेल्या ओल्या शेंगा किंवा पोराने ताटात टाकलेला घास. काय खाल्ले हे बहुतेकांना बऱ्यापैकी सांगता येते, घोडे अडते ते ‘किती’पाशी.

मी हे काम शिकले ते वाट्यांवर. तमिळनाडूतल्या कुन्नूरला १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी बेरीबेरी या आहारातल्या उणिवेने होणाऱ्या रोगाच्या शोधासाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली होती. तीच पुढे १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेच्या पद्धतीत प्रत्येक घरी ठरावीक मापांच्या वाट्यांचा आणि चमच्यांचा संच न्यावा लागतो. घरात काल एकूण किती तांदूळ शिजवले ते आधी विचारायचे, शिजून झालेला एकूण भात आपल्या वाट्यांच्या मापात किती भरला ते विचारायचे आणि मग त्यातला कुणी किती घेतला ते काढायचे. समजा, अर्धा किलो तांदळाचा भात बारा वाट्या झाला आणि आपण जिची माहिती घेत आहोत तिने त्यातला दीड वाटी खाल्ला, तर तिच्या वाट्याला साडेबासष्ट ग्रॅम तांदूळ आले. हा आकडा अन्नघटकांच्या तक्त्याशी जुळवला, की उष्मांक, प्रथिने, लोह असे पुढचे सगळे निघते. याच संस्थेने २०१७ साली काढलेल्या नव्या तक्त्यांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे आणि ते बव्हंशी कच्च्या जिनसांचे आहे. शिजलेल्या भातावरून कच्च्या तांदळापर्यंत मागे जाण्याचा हा द्राविडी प्राणायाम त्यासाठीच करावा लागतो.

वाट्यांचा संच ही अत्यंत विश्वासार्ह आणि अत्यंत गैरसोयीची वस्तू आहे. एसटीतून उतरून वस्तीवर चालत जाताना तिचा खणखणाट आपल्या आधी पोचतो. एका गावात मला वाड्याच्या दारातच थांबवून एका आजींनी आतून तीन जुनी लुगडी आणली आणि त्यांवर एक पातेले मिळेल का, असे विचारले. मी बोहारीण नसून आहाराची माहिती घ्यायला आले आहे, हे कळल्यावर त्यांचा जो विरस झाला तो माझ्या अजून लक्षात आहे. त्यांनी माहिती दिली, पण वाट्यांकडे त्या शेवटपर्यंत गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहत होत्या.

मग फोटो आले. कल्पना अशी की, पदार्थाचे वाढत्या प्रमाणातले, वजन करून काढलेले फोटो माणसासमोर ठेवायचे आणि ‘काल तुम्ही यातला कितव्या फोटोएवढा घेतला’ असे विचारायचे. ब्रिटनमध्ये १९९७ साली मायकेल नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा फोटोंचे जे पुस्तक काढले, ते या कामातल्या अनेकांसाठी नमुना ठरले. त्यात एकेका पदार्थाचे आठ फोटो आहेत, आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठे प्रमाण मनाने ठरवलेले नाही. लोक प्रत्यक्षात जेवढे खातात त्यातली तळाची आणि वरची पाच-पाच टक्के टोके सोडून उरलेल्या पल्ल्यावर ते बेतलेले आहे. पुढे संगणकावर आणि फोनवर चालणाऱ्या उजळण्या आल्या, न्यूकॅसल विद्यापीठात तयार झालेले इनटेक२४ आले, त्याची दक्षिण आशियातल्या पदार्थांसाठीची आवृत्तीही निघाली. वाट्यांची पिशवी जाऊन तिच्या जागी फोनचा पडदा आला.

आमच्या गटानेही आपल्या भागापुरता असा एक संच करायचे ठरवले, आणि फोटो काढणे हे स्वयंपाकाहून किती अवघड काम आहे ते मला पहिल्याच दिवशी, पोह्यांच्या वेळी कळले. आम्ही प्रत्येक पदार्थाचे सात फोटो ठरवले होते. एका महाविद्यालयाच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ टेबल ओढले, तिकाटण्यावर कॅमेरा बसवला, त्याचा कोन पंचेचाळीस अंशांवर पक्का केला. सरळ वरून फोटो घेतला तर पसारा दिसतो पण ढिगाची उंची हरवते, अगदी आडवा घेतला तर उंची दिसते पण मागची बाजू लपते, म्हणून जेवायला बसलेल्या माणसाला ताट जसे दिसते तसा साधारण मधला कोन घेण्याची रीत आहे. तो जेवायला बसलेला माणूस टेबलाशी बसलेला आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही. मांडी घालून जमिनीवर बसलेल्याचे डोळे समोरच्या ताटापासून जास्त उंच असतात आणि नजर अधिक सरळ खाली पडते. ही चूक माझी होती आणि ती बराच काळ तशीच राहिली.

पोहे ताटलीत घातल्यापासून हलके होत जातात. वाफ निघते, कडेचे दाणे सुकतात, आणि वजनकाट्यावरचा शेवटचा आकडा आपल्या डोळ्यांदेखत एकेक ग्रॅमने उतरतो. म्हणून वाढले, वजन केले, फोटो काढला, हे सगळे मिनिटभरात उरकावे लागते. पहिल्या फोटोत भिंग वाफेने धूसर झाले. दुसऱ्यात मदतनीस मुलीने सवयीने वरून खोबरे-कोथिंबीर पेरली. ती लहान ढिगावर पेरली तर पोहे दिसेनासे होतात आणि मोठ्या ढिगावर नाहीत, त्यामुळे तुलनाच बिघडते. मग सातही ताटल्यांत कोथिंबिरीची पाने मोजून टाकली. शेंगदाणेही मोजले. पाचव्या ताटलीतले दोन दाणे कमी निघाले तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मदतनीस मुलगी चघळायची थांबली.

ताटलीचा प्रश्न त्याहून वाईट होता. फोटो काढणाऱ्याला पांढरी चिनी मातीची ताटली हवी असते, कारण ती चमकत नाही. पण पांढऱ्या ताटलीत पांढरा भात ठेवला की दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि शिवाय आमच्या गावांत जेवण होते ते स्टीलच्या काठाच्या ताटात. म्हणून आम्ही स्टीलचे ताट घेतले. त्यात खिडकी दिसू लागली, वरची ट्यूबलाइट दिसू लागली, आणि भाताच्या तिसऱ्या फोटोत मी स्वतः, निदान माझी लाल ओढणी, काठाला चिकटून वाकडी उमटली. नंतर आम्ही टेबलाभोवती बटर पेपरचा तंबू करून प्रकाश मऊ केला, पण तो तिसरा फोटो नजरचुकीने संचात तसाच छापला गेला. भाताचे प्रमाण विचारताना किमान डझनभर बायांनी मला आधी ‘हे लाल काय?’ असे विचारले आहे.

भात, उसळ, पोहे, खिचडी अशा आकार नसलेल्या पदार्थांना चढत्या प्रमाणाची मालिका चालते. भाकरी, पोळी, लाडू, केळे यांना मात्र वेगळ्या प्रकारचा फोटो लागतो, ज्यात लहानमोठे नग शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि विचारायचे असते की तुमची भाकरी यातल्या कोणत्या भाकरीसारखी होती आणि अशा किती खाल्ल्या. पुरंदर तालुक्यातल्या एका घरी मी हा फोटो पिशवीतून बाहेर काढला तेव्हा चुलीपुढच्या मावशींनी तो हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला आणि विचारले, “ही भाकर कुणी केली?”

“आम्हीच केली, मावशी. फोटोसाठी.”

“हिला भाकर म्हंत्यात व्हय? ही पापडासारखी. आमची तुम्हाला दावते थांबा.”

त्यांनी टोपलीतली बाजरीची भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. तिचा घेर फोटोतल्या मधल्या भाकरीएवढाच होता आणि जाडी जवळजवळ दुप्पट. फोटो वरून घेतलेला असल्यामुळे जाडी दिसायला जागाच नव्हती, आणि भाकरीत सगळे पीठ जाडीतच तर असते. घेराची गोष्टही दिसते तेवढी निरुपद्रवी नसते. भाकरीचा व्यास १८ सेंटिमीटरवरून २० झाला तर डोळ्यांना तो किरकोळ फरक वाटतो, पण क्षेत्रफळ त्याने २३ टक्क्यांनी वाढते. पुढच्या खेपेला मी वर्तमानपत्राचे कापलेले गोल आणि वेगवेगळ्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे पिशवीत घेऊन गेले. मावशींनी गोल भाकरीवर ठेवून पाहिला, पुठ्ठे चिमटीत धरून पाहिले आणि तीन नंबरचा पुठ्ठा मला परत देत म्हणाल्या, “ह्यो घ्या. आन् पावसाळ्यात या, तवा पीठ नवं नसतं, भाकर आणिक जाड व्हती.” रकान्यात ऋतूसाठी जागा नव्हती.

फोटोवरून प्रमाण सांगताना माणसाला तीन कामे एकदम करावी लागतात. समोरचे प्रमाण फोटोतल्या प्रमाणाशी ताडून पाहणे हे पहिले. समोर नसलेल्या जेवणाचे चित्र मनात उभे करणे हे दुसरे. आणि ते चित्र कालच्याच जेवणाचे आहे, नेहमीच्या जेवणाचे नाही, याची आठवण ठेवणे हे तिसरे आणि सर्वांत कठीण. बहुतेक माणसे कालचे जेवण म्हणून आपले ‘नेहमीचे’ जेवण सांगतात. यात लबाडी नसते. रोज त्याच ताटात, त्याच भांड्यातून वाढून घेतलेल्या हजारो जेवणांचा मनात एकच ठसा उरतो आणि माणूस त्या ठशाकडे बोट दाखवतो.

त्यात डोळेही साथ देत नाहीत. भाताची मूद दुप्पट केली तर ती दुप्पट रुंद होत नाही. आकार तसाच ठेवून वजन दुप्पट केले तर रुंदी केवळ २६ टक्क्यांनी वाढते, उरलेली वाढ खोली आणि उंची वाटून घेतात. डोळा रुंदी पाहतो आणि ढीग ‘जरासा मोठा’ आहे असे म्हणतो. म्हणूनही असेल, पण फोटोंवर झालेल्या अभ्यासांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे की, थोडे खाणारे आपले खाणे वाढवून सांगतात आणि पुष्कळ खाणारे कमी करून. आलेखावर खरे प्रमाण आडवे आणि सांगितलेले प्रमाण उभे मांडले, तर जी रेषा चढणीची असायला हवी ती सपाट होऊ लागते. त्यात आपल्याकडचा संकोच मिसळतो. जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत, असे आम्हाला लहानपणी शिकवलेले, आणि मी तर घास मोजायलाच गेलेली. सर्वांत मोठ्या फोटोवर बोट ठेवणे म्हणजे खादाडपणा कबूल करणे, आणि सर्वांत लहान फोटोवर बोट ठेवणे म्हणजे घरात पुरेसे नाही असे परक्या बाईपुढे उघड करणे. मग बोट मध्यावर येते. सात फोटोंच्या मालिकेत मध्य असतो चौथा. आठ फोटोंच्या मालिकेला मध्यच नसतो, ही सोय मला आमचा संच छापून झाल्यावर सुचली.

दुसऱ्यांना हसण्याआधी माझीच परीक्षा झाली. आमच्या कार्यालयात एकदा दुपारच्या जेवणाला आम्ही सगळ्यांनी आपापले भाताचे ताट एका सहकाऱ्याकडून वजन करून घेतले. आकडा त्याने कुणाला सांगायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने फोटो निवडायचा, असे ठरले. सातही फोटोंतला भात मी स्वतः शिजवलेला, स्वतः वजन केलेला. मी क्षणाचाही विचार न करता चौथा फोटो निवडला, आणि माझ्या ताटातला भात सहाव्या फोटोहून काकणभर जास्तच निघाला. सगळ्यांच्या निवडींची सरासरी मात्र खऱ्या वजनाच्या सरासरीच्या पुष्कळ जवळ आली. याच्या चुका त्याच्या चुकांनी फेडल्या होत्या. सर्वेक्षणाला बहुधा सरासरीच हवी असते, तेव्हा फोटोंचा संच उत्तीर्ण झाला आणि आम्ही तो गावात नेला.

गावात नेल्यावर त्याच वर्षी ती सून भेटली. तिचे वय तेवीस, पदरी दीड वर्षाचा मुलगा, दुसरे बाळंतपण जवळ आलेले. माहिती तिची घ्यायची होती, पण पहिली दहा मिनिटे सासूबाईच बोलत होत्या, आणि त्या ज्या बोलल्या त्यात काही खोटे नव्हते. घरात काय शिजले, किती शिजले, कुणी किती घेतले, हे त्यांना पायलीपासून चिमटीपर्यंत पाठ होते. आदल्या रात्रीचा भात माझ्या मापाने अकरा वाट्या भरला होता. सासऱ्यांनी तीन वाट्या घेतला, नवऱ्याने तीन, दिराने दोन, सासूबाईंनी दीड आणि पोराने अर्धी. मग मी सुनेला भाताचे सात फोटो दाखवले आणि तू कोणत्या ताटाएवढा घेतलास, असे विचारले. तिने फोटोंकडे पाहिले, सासूबाईंकडे पाहिले आणि चौथ्यावर बोट ठेवले.

चौथा फोटो म्हणजे सुमारे दोन वाट्या भात. पाच जणांनी मिळून दहा वाट्या घेतल्यावर पातेल्यात एकच वाटी उरत होती. मी कागदावर बेरीज पुन्हा केली आणि शक्य तेवढ्या सहज विचारले, “ताट भरून घेतलं होतंस का?”

“ताट कशाला?” ती म्हणाली. “मी शेवटी बसते. पातेल्यातच खाते, तेवढंच घासायला एक ताट कमी.”

मी तिला फोटोतली सात ताटे दाखवली होती आणि तिने ताट घेतलेच नव्हते. सगळ्यांना ओळखीचे असेल असे समजून ज्या काठाच्या ताटावर मी इतका विचार केला, ते तिच्या रात्रीच्या जेवणात नव्हते. तिच्यापुढे वाढलेला भाग नव्हता. वजाबाकी करून उरलेला होता, आणि तो कधी एक वाटी असे, कधी तळाला चिकटलेली खरवड, तर कधी पाहुणे आले तर भाकरीचा तुकडा आणि आमटीचे पातेले पुसून घेणे. अशा जेवणाचा मनात ठसा उमटत नाही, म्हणून तिने सभ्यपणे मधले ताट निवडले. सूचनापत्रात लिहिले होते की, उत्तर देणाऱ्याने निवडलेला फोटो क्रमांकच नोंदवावा, आपला अंदाज लिहू नये. मी ४ लिहिला. तो आकडा आजही कुठल्यातरी संगणकात आहे आणि त्याप्रमाणे त्या रात्री ती घरात उरलेल्या भाताच्या दुप्पट भात जेवली आहे.

इथे मला फोटोंविषयी पहिल्यांदा खरी शंका आली. थोडे खाणारीला फोटो मध्याकडे उचलून नेतात आणि जास्त खाणाऱ्याला मध्याकडे खाली ओढतात. सरासरी त्यामुळे बिघडत नाही, पण आपण सर्वेक्षण करतो ते कशासाठी? एका घरात कुणाला किती कमी पडते हे पाहायचे असेल तर तळाचीच माणसे हवी असतात, आणि नेमकी तीच फोटोंमध्ये सुखवस्तू होऊन जातात. वाट्यांच्या जुन्या पद्धतीत निदान बेरीज करावी लागे. पातेल्यात अकरा होत्या तर बारा कुणी खाऊ शकत नाही, हा हिशेब आपोआप तपासणी करीत असे. फोटोत प्रत्येक माणूस एकटा असतो, त्याच्यामागे पातेले नसते.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे की, ‘किती’ न विचारताही पुष्कळ काही कळू शकते. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९० च्या दशकात गरोदर स्त्रियांच्या आहाराचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः अधिक मोठी असल्याचे दिसून आले होते. तिथे ग्रॅमांहून ‘किती वेळा’ हा प्रश्न जास्त बोलका ठरला. मेथी आठवड्यातून तीनदा खाल्ली की एकदाच, हे सासूसमोर सांगायला सुनेला अवघड जात नाही. तरीही भात आणि भाकरी रोजचीच असल्यामुळे तिथे ‘किती वेळा’चा उपयोग नाही आणि पुन्हा ‘किती’पाशी यावेच लागते.

मधल्या काळात आणखी एक वाट निघाली, ती म्हणजे लोकांनीच आपल्या जेवणाचा जेवणाआधी आणि जेवणानंतर फोनवर फोटो काढायचा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी ताटाशेजारी ठेवायचा चौकटी-चौकटींचा एक छोटा पट वापरला. त्याच्या चौकटींचे माप ठाऊक असल्याने संगणकाला ताटातल्या पदार्थाचा आकार काढता येतो. आता तर फोटो टाकला की उष्मांक सांगणारी ॲप बाजारात आहेत. भाजीवरची तर्री त्यांना दिसत असेल, भाजीच्या पोटातले तेल कसे दिसणार, हा माझा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला नाही. आम्ही हौसेने एका गावात चार-पाच जणींना एक दिवस असे फोटो पाठवायला सांगितले होते. संध्याकाळी पहिला फोटो आला तो पाहून मी फोन टेबलावर ठेवला. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे दोन भाज्या, मध्ये वरणभाताची मूद आणि वर तुपाची धार. सणाचे पान होते ते, मंगळवारच्या रात्री. खाली तिने लिहिले होते, ‘ताई, फोटू बरा आलाय का?’

त्या सुनेच्या घरी मी परत गेले ते एका वेगळ्याच मालिकेचे फोटो घेऊन. कार्यालयात मी हट्टाने एक पातेले मागवले होते, गावात असते तसे, बाहेरून काळे आणि आतून घासून घासून पांढरे पडलेले, आणि त्याच्या तळाशी ३० ग्रॅमपासून चढत्या क्रमाने सहा प्रमाणांत भात ठेवून फोटो घेतले होते. यातही पहिल्या दिवशी फसगत झाली. पंचेचाळीस अंशांच्या कोनातून पाहिले तर पातेल्याचा जवळचा काठ तळ झाकून टाकतो आणि भात दिसतच नाही. कॅमेरावाल्याने मला विचारले, की कोन किती ठेवू? मी उठून पातेले जमिनीवर ठेवले, त्याच्यापुढे मांडी घालून बसले आणि खाली पाहिले. तळ दिसायला मान पुरती वाकवावी लागली. मग कॅमेरा थेट पातेल्याच्या तोंडावर आणला.

यावेळी बाळ तिच्या मांडीवर होते आणि सासूबाई मळ्यात गेल्या होत्या. मी सहा फोटो ओट्यावर ओळीने मांडले. तिने बाळाच्या डोक्याखालचा हात काढून ओल्या बोटाने एक फोटो बाजूला केला, दुसऱ्यावर क्षणभर थांबली आणि तो माझ्याकडे सरकवला. भात ६० ग्रॅम, साधारण अर्धी वाटी.

“असा असतो,” ती म्हणाली, आणि फोटो पुन्हा उचलून निरखून पाहत राहिली. “पण ताई, यात पाणी नाही दाखवलंत तुम्ही. खरवड सुटावी म्हणून मी वाटीभर पाणी घालते न् मीठ टाकून ढवळते.”